दहा दिवस आणि सहा महिने

साने गुरुजींचें नांव निघालें कीं आमच्या घरोघरीं ‘श्यामची आई’ आठवते आणि डोळे ओलावतात. ओलावोत बापडे! परंतु ज्या पुरुषानें गांवोगांवच्या पाणवठ्यांवर ठाण मांडून बसलेला द्वेष गांवकऱ्यांच्याच हातांनीं उठविला, त्यास केवळ हळवा लेखक समजून तसबिरींत बसविणें आम्हांस मान्य नाहीं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें झाला. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत सहा वर्षें शिक्षकी करून १९३० सालीं ते सत्याग्रहांत शिरले. ‘श्यामची आई’ त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली.

१९४६ सालच्या अखेरीस स्वराज्य उंबरठ्यावर आलें होतें. पंढरींत मात्र चोखोबांच्या अभंगांवर टाळ घुमत आणि चोखोबांचे जातभाई महाद्वाराबाहेर त्यांच्या समाधीपाशींच थांबत. हें मंदिर खुलें व्हावें म्हणून कार्तिकी एकादशीपासून प्राणांतिक उपोषण करण्याचें गुरुजींनीं ठरविलें. आधीं लोकमत तयार करावें, अशी सहकाऱ्यांनीं गळ घातली. गुरुजींनीं ती मानली आणि सहा महिने महाराष्ट्र पालथा घातला.

खरें कार्य आम्ही यासच म्हणतों. बरोबर राष्ट्र सेवा दलाचीं तरुण पोरें, त्यांचीं गाणीं, पोवाडे. आणि चावडीपुढें, देवळापुढें सभा. कित्येक गांवांनीं आपण होऊन विहिरी व देवळें सर्वांस मोकळीं केलीं. विहीर मोकळी करणें ही टाळ्या वाजवून संपणारी गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच रहाट, त्याच घागरी, तेच शेजारी. सभेंत होकार देणाऱ्या कर्त्या पुरुषास घरांतील म्हाताऱ्यांची व पाणी भरणाऱ्या बायकांची समजूत घालावी लागे, आणि पोरें तें सारें पाहत असत. आमच्या व्यापारी वाचकांच्या भाषेंत बोलावयाचें तर उपोषण हें व्याज. मुद्दल या सहा महिन्यांच्या वणवणीचें.

१ मे १९४७ रोजीं पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठांत उपोषण सुरू झालें. महात्माजींसही तें पटलें नव्हतें. गुरुजींसारख्या गांधीभक्तास हें किती जड गेलें असेल! तरी ते ढळले नाहींत. दादासाहेब मावळंकरांनीं मध्यस्थी केली, बडवे मंडळींचें मन वळलें आणि १० मे रोजीं उपोषण सुटलें.

द्वेषास मात्र एकच तोंड नसतें. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींची हत्या झाली आणि महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं ब्राह्मणांचीं घरेंदारें जळालीं. मारेकरीही मराठी, जाळणारेही मराठी! गुरुजींनीं प्रायश्चित्त म्हणून २१ दिवस अन्न वर्ज्य केलें; आणि त्याच वर्षीं १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलें. ११ जून १९५० रोजीं त्यांनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ‘साधना’ आजही निघत आहे.