नटश्रेष्ठ आयरा ऑल्ड्रिज

१० एप्रिल १८३३. लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात त्या रात्री शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या नाटकाचा प्रयोग होता. ऑथेल्लो हा आफ्रिकी वंशाचा सेनापती; परंतु या रंगमंचावर आजवर गोरे नटच चेहऱ्याला रंग फासून त्याची भूमिका करीत आले होते. रंग फासण्याची गरज नसलेला नट तेथे प्रथमच उभा राहणार होता. त्याचे वय होते पंचवीस आणि नाव आयरा ऑल्ड्रिज. या एका दिवसापर्यंत ते कसे पोहोचले आणि त्या दिवसानंतर त्यांनी काय केले, हे आपल्या मुलामुलींनी जाणून घ्यावे असे आहे.

आयरा यांचा जन्म २४ जुलै १८०७ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घराणे स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे. वडील गवताचा पेंढा विकत व धर्मोपदेशाचेही काम करीत. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपलेली नव्हती. कृष्णवर्णीय मुलांसाठी चालविलेल्या 'आफ्रिकन फ्री स्कूल' या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. नाटकाचे वेड तेथेच लागले. शहरातील मोठ्या नाट्यगृहात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना केवळ वरच्या सज्ज्यात जागा मिळे. आयरा तेथून नाटके पाहत.

१८२१ च्या सुमारास विल्यम ब्राउन या जहाजावरील माजी कर्मचाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांची नाटक मंडळी उभी केली. तिने शेक्सपिअरची नाटके करावीत हे अनेकांना सहन झाले नाही. गुंडांनी प्रयोग उधळले, पोलिसांनी नटांनाच पकडून नेले, आणि काही वर्षांतच ती मंडळी बंद पडली. या मंडळींच्या सहवासात वाढलेल्या आयरा यांनी ओळखले की, आपल्या मायदेशात आपल्याला रंगमंच मिळणार नाही. १८२४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले.

१८२५ मध्ये लंडनच्या दुय्यम नाट्यगृहांत त्यांना कामे मिळाली. 'कोबर्ग'मध्ये त्यांनी गुलामांच्या बंडावरील एका नाटकाच्या नायकाची भूमिका केली. प्रेक्षकांना ती आवडली. मात्र एका प्रमुख वृत्तपत्राने त्यांच्या ओठांची ठेवणच इंग्रजी उच्चारांना योग्य नाही, अशी टवाळी केली. त्यानंतरची वर्षे त्यांनी गावोगावच्या नाट्यगृहांत काढली. एकाच रात्री आधी ऑथेल्लोची शोकान्त भूमिका आणि नंतर प्रहसनातील विनोदी नोकर, अशी दोन्ही कामे ते करीत. १८२८ मध्ये कोव्हेंट्री येथील नाट्यगृहाचे व्यवस्थापनही त्यांनी सांभाळले. त्यांच्या तेथील वास्तव्यात त्या नगरातून गुलामगिरीविरुद्ध संसदेकडे अर्ज गेला. एका नटाचे काम रंगमंचापुरते राहत नाही, ते असे.

आता पुन्हा १८३३ कडे येऊ. २५ मार्च रोजी कोव्हेंट गार्डनमध्येच ऑथेल्लोची भूमिका करीत असताना थोर नट एडमंड कीन रंगमंचावर कोसळले. ते पुन्हा उभे राहू शकले नाहीत. शहरात इन्फ्लुएन्झाची साथ होती. रिकाम्या झालेल्या त्या जागी व्यवस्थापकांनी ऑल्ड्रिज यांना बोलाविले. लंडनमध्ये अभिजात नाटके करण्याचा राजमान्य अधिकार तेव्हा मोजक्या नाट्यगृहांनाच होता आणि कोव्हेंट गार्डन त्यांत अग्रगण्य होते. होतकरू नटाच्या दृष्टीने याहून वरची पायरी नव्हती. आठ वर्षे गावोगावी घासलेली भूमिका त्यांना तोंडपाठ होती. नवा होता तो केवळ रंगमंच, आणि त्याकडे रोखलेल्या नजरा.

प्रयोगापूर्वीच काही पत्रांनी त्यांच्याविरुद्ध आघाडी उघडली होती. हाच काळ ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याच्या वादाचा होता. गुलामांच्या मालकांचा गट लंडनमध्ये प्रबळ होता आणि संसदेवर दडपण आणीत होता. अशा वेळी एक कृष्णवर्णीय मनुष्य इंग्रजी भाषेतील श्रेष्ठ भूमिका समर्थपणे करू शकतो, हे सिद्ध होणे त्या गटाला परवडणारे नव्हते. गुलामगिरीचा सगळा युक्तिवाद कृष्णवर्णीयांची बुद्धी उणी आहे या गृहीतकावर उभा होता.

पडदा उघडला. डेस्डिमोनाच्या भूमिकेत एलेन ट्री ही गोरी अभिनेत्री होती. प्रेक्षकांनी ऑल्ड्रिज यांना मनापासून दाद दिली. टीकाकारांची लेखणी मात्र निराळी चालली. कृष्णवर्णीय नटाने गोऱ्या स्त्रीचा हात धरावा, हाच काहींच्या मते अपराध ठरला. १२ एप्रिलला दुसरा प्रयोग झाला आणि त्यानंतर कोव्हेंट गार्डनचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. आठ वर्षांच्या श्रमाला दोन रात्री मिळाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा संमत झाला. त्यात मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना काहीही नाही.

ऑल्ड्रिज खचले नाहीत. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडच्या लहानमोठ्या गावांत ते जवळजवळ वीस वर्षे फिरत राहिले. शायलॉक, मॅकबेथ, लिअर या गोऱ्या पात्रांच्या भूमिकाही त्यांनी चेहरा रंगवून केल्या. गावातील मुक्काम संपताना ते प्रेक्षकांपुढे येऊन गुलामगिरीविरुद्ध बोलत. १८५२ पासून त्यांनी युरोपचे दौरे केले. सहकारी नट जर्मन वा रशियन बोलत, ऑल्ड्रिज इंग्रजी बोलत, तरी प्रेक्षक हेलावून जात. प्रशियाच्या राजाने त्यांना सुवर्णपदक दिले. १८५८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे युक्रेनी कवी तारास शेवचेन्को त्यांचे स्नेही झाले. शेवचेन्को जन्माने भूदास होते. पैसे मोजून त्यांची सुटका करण्यात आली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, एक लहान मुलगी दुभाषाचे काम करी. शेवचेन्को यांनी काढलेले ऑल्ड्रिज यांचे चित्र आजही प्रसिद्ध आहे.

१८६५ मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात ते पुन्हा ऑथेल्लो म्हणून उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरी संपली. मायदेशी जाऊन प्रयोग करण्याचा विचार चालू असतानाच ७ ऑगस्ट १८६७ रोजी पोलंडमधील वुच या शहरी, दौऱ्यावर असताना, त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहात, थोर नटांच्या नावांत आज त्यांचे नाव कोरलेले आहे.

ऑल्ड्रिज यांच्या पहिल्या रात्रीचा दुसरा दिवस होता ११ एप्रिल. त्या दिवशी पुण्यात जोतीराव फुले सहा वर्षांचे झाले. पुढे चाळीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. समुद्रापलीकडच्या त्या लढ्याशी आपले नाते इतके जुने आहे.

आपल्या मुलांना परीक्षेत, मुलाखतीत, रंगमंचावर कधी ना कधी बंद दार भेटेल. त्या वेळी त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, दार बंद करणाऱ्याचा निर्णय हा आपल्या योग्यतेचा निर्णय नव्हे. ऑल्ड्रिज यांना नाकारणाऱ्या टीकाकारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ती भूमिका मात्र त्यांनी पुढे चौतीस वर्षे, देशोदेशी, केली.