सेनापती बापट : बाँबविद्येपासून उपोषणापर्यंत

१९६६ साली मुंबईत ८५ वर्षांचे एक वृद्ध उपोषणास बसले होते. मागणी होती आपल्या बेळगाव-निपाणी सीमाभागाविषयीची. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्र सरकारने महाजन आयोग नेमला, त्यामागे या उपोषणाचे दडपण होते. सीमाप्रश्नावर आपले मत कोणतेही असो, हे वृद्ध विद्यार्थीदशेत परदेशी बाँब करायला शिकले होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे, गरीब घरात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशसेवेची शपथ घेतली. तरीही ते १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी. तेथे त्यांनी दादाभाई नौरोजींचे लेखन अभ्यासले आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर जाहीर भाषण केले. परिणामी शिष्यवृत्ती बंद झाली. आकडेवारी मांडणाऱ्या विद्यार्थ्याचे तोंड असे बंद केले गेले, तेव्हा त्याने दुसरी वाट धरली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये त्यांना समानधर्मी मित्र भेटले. तेथून ते पॅरिसला गेले आणि हेमचंद्र दास यांच्यासह रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची कृती शिकले. १९०८ मध्ये ती लिखित कृती घेऊन ते मायदेशी परतले.

त्याच वर्षी ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे हेमचंद्रांच्या बंगाली गटातील खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी एका गाडीवर बाँब टाकला. रोख न्यायाधीश किंग्जफोर्डवर होता. बळी पडल्या केनेडी मायलेकी. प्रफुल्लने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अठरा वर्षांचा खुदीराम फासावर गेला. बाँब टाकणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो, बाँबला माणूस ओळखता येत नाही, हेच यातून दिसले.

बापट भूमिगत झाले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले. सुटकेनंतर पारनेरला येऊन त्यांनी हातात झाडू घेतला व गावचे रस्ते आणि शौचकूप साफ केले. १९२१ पासून टाटांच्या धरणाखाली बुडणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी ते लढले. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्याने दिली. त्यांनी शस्त्र कायमचे टाकले, असे मात्र म्हणता येत नाही. मुळशीच्या अखेरच्या टप्प्यात सशस्त्र रेल्वे अडविल्याबद्दल त्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. १८ मे १९५५ रोजी मात्र ते ना. ग. गोरे यांच्यासह गोव्यात शिरले, ते निःशस्त्र सत्याग्रही म्हणून.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. अन्यायाची चीड त्यांच्या मनात विशीत होती तशीच पंच्याऐंशीतही होती. बदलले ते साधन. बाँबने दुसऱ्याचा जीव जातो, उपोषणात स्वतःचा पणाला लागतो. चीड तर आपल्यालाही येते, आणि ती यावीच. पण तिच्यापायी कोणाचा जीव पणाला लावायचा, हे तरुणपणीच ठरवावे लागते.