जोतीरावांच्या अस्थी

देह जळून गेल्यावर मागे उरते ती मूठभर रक्षा आणि अस्थींचे काही तुकडे. त्यांचे काय करावे याविषयी हिंदू समाजात शतकानुशतकांची ठाम वहिवाट आहे. ऐपत असेल त्याने त्या काशीला वा प्रयागला न्याव्यात. ते न साधल्यास नाशिकच्या गोदावरीत किंवा आळंदीच्या इंद्रायणीत सोडाव्यात. आणि तेही जमत नसेल तर गावच्या नदीच्या स्वाधीन कराव्यात. या वहिवाटीला फाटा देण्याची इच्छा बाळगणारी माणसे मोठ्यांतही झाली आणि सामान्यांतही आहेत. पंडित नेहरूंनी मूठभर रक्षा तेवढी गंगेला देऊन बाकीची विमानातून देशभरच्या शेतांवर विखरावी, असे आपल्या मृत्युपत्रात सांगून ठेवले होते व १९६४ साली तसे करण्यात आले. १९८४ साली इंदिरा गांधींची रक्षा हिमालयाच्या शिखरांवर विखुरली गेली. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत अलीकडे रक्षा नदीत न टाकता शेतात पसरली जाते, तीवर एखादे झाड लावले जाते. सह्याद्रीचा एखादा आवडता कडा किंवा रानातली जागा आपल्यासाठी सांगून ठेवणारेही आढळतात. मात्र पुणे शहरात १८९० साली एका माणसाच्या अस्थी नदीलाही मिळाल्या नाहीत आणि रानालाही नाहीत. त्या गंज पेठेतील त्याच्या स्वतःच्या घराच्या मागील बाजूस, त्यानेच हयातीत खणवून ठेवलेल्या खड्ड्यात पुरण्यात आल्या. तो माणूस म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांच्या शाळांविषयी व ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने त्यांच्या अंत्यविधीची हकीकत चरित्राच्या शेवटच्या पानावर दोन-चार वाक्यांत उरकली जाते. वास्तविक त्यांच्या सबंध आयुष्याचा झगडा ज्या एका प्रश्नाभोवती फिरला तो प्रश्न त्या दोन दिवसांत पुन्हा एकदा, आणि तोही त्यांच्या अपरोक्ष, उभा राहिला होता. माणूस आणि त्याचा निर्माता, माणूस आणि त्याचे आप्त, माणूस आणि त्याची माती यांच्यामध्ये मध्यस्थ म्हणून उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे, हा तो प्रश्न होय.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. आई चिमणाबाई बालपणीच निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील विधवा बाईंनी त्यांना वाढविले. वडिलांनी एकदा शाळेतून काढून मळ्यात घातलेला हा मुलगा गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे पुन्हा शिकू लागला आणि १८४१ ते १८४७ या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून झालेला त्यांचा अपमान सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढच्या वर्षी वडिलांनी सुनेला आणि मुलाला घराबाहेर पडावयास लावले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घराने त्यांना आसरा दिला. हा सर्व इतिहास शाळेतील मुलांनाही आता तोंडपाठ असतो, म्हणून त्याचा येथे अधिक विस्तार नको.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जोतीरावांच्या सुधारणेचे बरेचसे कार्य त्यांच्या राहत्या घरातच घडले. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले ते घरातच. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला झाला तो त्यांच्या अंगणातला हौद. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा १८७४ साली जन्मलेला मुलगा दत्तक घेण्यात आला व यशवंत या नावाने वाढला तोही याच घरात. पुण्याच्या त्या काळच्या सार्वजनिक जीवनात सभा-संमेलनांत प्रागतिक भाषण करून घरी परतल्यावर सोवळे नेसणारे विद्वान काही थोडे नव्हते. जोतीरावांच्या बाबतीत मात्र घर आणि चव्हाटा यांच्यात भिंत नव्हती. तेव्हा मृत्यूनंतरही आपण त्याच अंगणात असावे असे त्यांना वाटले, तर त्यात नवल ते काय?

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हा विधींचा प्रश्न ऐरणीवर आला. पुरोहिताविना लग्न लावावे, हा समाजाच्या कार्यक्रमाचा गाभा होता. आज ही बाब किरकोळ भासते. परंतु खेड्यातील कुणब्याच्या दृष्टीने जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही दारांवर भट उभा होता आणि प्रत्येक दारावर दक्षिणा द्यावी लागत होती. कर्ज काढून बारावे-तेरावे घालणाऱ्या कुटुंबांची दैना जोतीरावांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ज्या तपशिलाने मांडली आहे, तो तपशील केवळ ग्रंथ वाचून मिळणारा नव्हता. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे कार्य जोशाला न बोलाविता पार पाडले, तेव्हा वतनदार जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद ठोकली. दावा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि तेथे जोशांची मागणी टिकली नाही. सेवा घेतलीच नाही तर तिचे मोल कसले, इतका साधा मुद्दा कायद्याच्या मुखातून वदवून घेण्यासाठी वर्षे खर्ची पडावीत, यावरून त्या काळच्या परिस्थितीची कल्पना येईल.

जोतीराव हे केवळ ग्रंथकार आणि शिक्षक होते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरविला होता. मांजरीस त्यांची शेती होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुण्यातील स्वागतासाठी १००० रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला असता, ती रक्कम शिक्षणावर खर्चावी असे म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच सभासद निघाले. या नगरपालिकेचा पुढे त्यांच्या मृत्यूशीही संबंध यावयाचा होता.

१० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. मिळकतीची व्यवस्था सावित्रीबाईंकडे व त्यांच्या पश्चात यशवंताकडे सोपविली. मात्र यशवंत नालायक ठरल्यास त्याच्याऐवजी शूद्रांपैकी एखादा लायक मुलगा निवडावा, अशी अट घातली. वारसा रक्ताने ठरतो हे त्यांना मान्य नव्हते आणि केवळ दत्तविधानाने ठरतो हेही मान्य नव्हते. या मृत्युपत्रातच आपला देह न जाळता मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी नोंदविली आहे. त्यांना ख्रिस्ती ठरवू पाहणाऱ्यांना यात आणखी एक पुरावा सापडला असल्यास नकळे. परंतु मीठ घालून पुरणे ही या भूमीतली जुनीच रीत आहे. संन्याशाला अशीच समाधी देतात. लिंगायतांतही दफनाची चाल आहे. ज्याने संसारातच राहून, पत्नीच्या बरोबरीने, आयुष्यभर कर्मकांड नाकारले त्या गृहस्थाने संन्याशाचा मान स्वतःसाठी मागावा, यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवाय फुलांच्या मळ्यात वाढलेल्या माणसाला मातीचे भय वाटण्याचे कारण नव्हते. घराच्या मागे त्यांनी खड्डा खणवून घेतला तो याच हेतूने.

१८८८ हे वर्ष मोठे विलक्षण आले. ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या आतच अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांच्या उपचारांनी ते काहीसे सावरले. उजवा हात गेला म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. मिळविलेला पैसा संस्थांत आणि माणसांत गेला होता. अखेरची दोन वर्षे ओढगस्तीत गेली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटेच्या आधी त्यांचे देहावसान झाले.

आता प्रश्न आला तो इच्छेच्या पूर्ततेचा. राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. हा निर्णय द्वेषातून झाला असे म्हणण्यास आधार नाही. दाट वस्तीत घरोघरी दफन होऊ लागले तर शहराच्या आरोग्याचे काय, हा विचार कोणत्याही नगरपालिकेला करावाच लागतो, आणि एकेकाळचे म्युनिसिपल कमिशनर असलेल्या जोतीरावांना तो अपरिचित असणे शक्य नाही. तथापि ज्या सभागृहात त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले त्याच संस्थेच्या नकाराने त्यांची शेवटची इच्छा अडली, हा योगायोग चमत्कारिक खरा. मिठाची तयारी व्यर्थ गेली. मुठेच्या काठी दहन करण्याचे ठरले.

आणि येथेच ती घटना घडली जी दफन झाले असते तर बहुधा घडली नसती. अंत्ययात्रेच्या पुढे टिटवे धरण्याचा मान वारसाचा. ज्याच्या हातात ते अग्नीचे मडके, तो घरचा कर्ता, मिळकतीचा धनी, असा त्याचा लौकिक अर्थ. यशवंत त्या वेळी सोळा वर्षांचा होता. तो दत्तक, शिवाय ब्राह्मण विधवेच्या पोटचा. भाऊबंदांनी त्याच्या हक्काला हरकत घेतली. दारात देह आणि अंगणात वाद, असा तो प्रसंग होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवे त्यांनी स्वतःच्या हाती घेतले, त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि चितेला अग्नीही त्यांनीच दिला.

ज्या काळात विधवेने कोपऱ्यात बसावे, केशवपनाला मान खाली घालावी, स्मशानाची वाट तर स्त्रीने पाहूच नये, असा दंडक होता, त्या काळात पुण्याच्या रस्त्यातून एक स्त्री पतीच्या देहापुढे अग्नी घेऊन चालली. बेचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात ती शाळेत शिकवावयास जाऊ लागली तेव्हा लोकांनी तिच्यावर शेण व दगड फेकले होते. शाळेची वाट ते स्मशानाची वाट, या दोन्ही पुरुषांच्या वाटा होत्या. पहिलीवर जोतीरावांची साथ होती. दुसरीवर ती एकटी होती. दफनाची परवानगी मिळती तर अग्नीचा प्रश्न आलाच नसता, भाऊबंदांना टिटव्यावर हक्क सांगावा लागला नसता आणि सावित्रीबाईंच्या या कृतीला प्रसंगही उरला नसता. जोतीरावांची इच्छा अडली, परंतु त्या अडण्यातूनच त्यांच्या शिकवणुकीची कसोटी लागली, आणि ती त्यांच्या अनुयायांच्या मोठ्या मेळाव्यात लागली नाही. त्यांच्या सहधर्मचारिणीच्या दोन हातांत लागली.

तिसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, अस्थी व रक्षा घरी आणण्यात आल्या. नदी हाताशी होती. आळंदी दूर नव्हती. प्रयागला जाणारी आगगाडी होती. त्यांपैकी कशाचाही अवलंब न करता त्या अस्थी मागील अंगणातील त्या खड्ड्यात ठेवून माती लोटण्यात आली. देहासाठी खणलेल्या जागेला देहाऐवजी अस्थी मिळाल्या. नगरपालिकेचा नियम मोडला नाही आणि मृत्युपत्रही अगदीच फुकट गेले नाही. ज्या अंगणात हौद होता, जेथे टाकून दिलेली मुले रांगत होती, त्याच अंगणाच्या मातीत जोतीराव गेले.

रान, कडा किंवा समुद्र निवडणाऱ्यांच्या मनात बहुधा एकांताची ओढ असते. माणसांच्या गजबजाटातून सुटून निसर्गाशी एकरूप व्हावे अशी ती इच्छा असते, आणि तिच्यात गैर काही नाही. जोतीरावांची निवड मात्र उलट दिशेची होती. त्यांना सुटका नको होती. पेठेतील अरुंद गल्ल्या, शेजारपाजार, पाण्यासाठी येणारी माणसे यांच्यामध्येच त्यांना राहावयाचे होते. एका परीने हेही अस्थी वहिवाटीबाहेर टाकणेच होय. फरक इतकाच की, त्यांच्या वाट्याचे रान त्यांच्या उंबरठ्याच्या आत होते.

पुढच्याच वर्षी, १८९१ साली, डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकाशक होता यशवंत. ज्याच्या हाती टिटवे देण्यास भाऊबंद तयार नव्हते तोच. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताने गावाबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे पोहोचविले. मुलगा वाचला, त्यांना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. वाडा संरक्षित स्मारक आहे. समताभूमी या नावाने तो ओळखला जातो आणि २८ नोव्हेंबरला तेथे गर्दी होते. अस्थी पुरल्या त्या जागेवर तुळशी वृंदावन आहे. आयुष्यभर कर्मकांड नाकारणाऱ्या माणसाच्या अस्थींवर वृंदावन उभे राहावे, ही विसंगती येणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आणि ज्यांच्या ध्यानात येते तेही क्षणभर थांबतात, फुले वाहतात आणि हौदाकडे वळतात.