सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि आपली ‘फियाट’: मॉडिफाय केलेल्या जुन्या गाडीची किंमत का पडते?

इन्स्टाग्रामवर जुन्या पद्मिनीचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. खाली दाबलेलं सस्पेन्शन, निळ्या एलईडी, मोठा सायलेन्सर. लाइक्स भरपूर मिळतात, पण जाणकार संग्राहक अशा गाडीपासून लांबच राहतो. असं का? हे समजण्यासाठी ही इटालियन गाडी आपल्याकडे आणणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाची गोष्ट आधी बघूया.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 1882 सालचा, सोलापूरचा. घरचा धंदा व्यापार आणि सावकारीचा होता. त्यात मन रमेना, म्हणून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांचं कामही केलं. 1919 मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस 5 एप्रिलचा, म्हणूनच आज या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन असतो. पंढरपूरपासून फार लांब नसलेलं, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. 1940 मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना (आजचं एचएएल) आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, हेही त्यांचंच काम.

मोटारीसाठी मात्र त्यांना थांबावं लागलं, कारण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला. 1953 मध्ये वालचंद गेले. जी फियाट 1100 पुढे घराघरात पोचली ती इथे 1954 पासून बनू लागली, म्हणजे ती त्यांना बघायलाच मिळाली नाही. याच गाडीचं 1974 पासूनचं नाव प्रीमियर पद्मिनी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाली.

मग मॉडिफिकेशनमध्ये बिघडतं काय?

जुन्या गाडीची किंमत ‘ओरिजिनल’ असण्यात असते. फेरारीसारख्या गाड्यांमध्येही इंजिन, गिअरबॉक्स आणि चासीचे नंबर कारखान्यातल्या नोंदीशी जुळतात का, हे आधी बघतात. पद्मिनीतही 1089 सीसीचं इंजिन, स्टेअरिंगजवळचा गिअर आणि क्रोमच्या पट्ट्या हीच तिची ओळख. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर सीट कव्हर किंवा स्टिरिओ बदलणं म्हणजे वॉलपेपर बदलणं. ते परत पूर्ववत करता येतं. पण पत्रा कापला, दुसरं इंजिन बसवलं आणि जुनं भंगारात गेलं, तर फॅक्टरी रिसेट होत नाही.

कायद्याचाही प्रश्न आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि तिच्यात मोठे बदल झालेले नकोत. म्हणजे आजोबांच्या फियाटवर एका वेल्डिंगने हा हक्क जाऊ शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल सहसा चालत नाहीत.

बिघडवलेली गाडी मात्र अगदीच टाकाऊ नसते. तिचे दरवाजे, काचा, मीटर, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीला जीवदान देतात, कारण नवीन मूळ पार्ट आता कारखान्यातून येत नाहीत. त्यामुळे अशी गाडी स्वस्तात मिळाली तर ‘पार्ट्ससाठी’ म्हणून घ्यायला हरकत नाही.

घेण्याआधी एवढं बघा

- आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का?
- इंधन बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद आहे का?
- काढलेले मूळ पार्ट मालकाने जपून ठेवलेत का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर निम्मं काम झालं. आणि तुमच्याच घराच्या मागे अशी एखादी फियाट धूळ खात उभी असेल, तर गॅरेजवाल्याच्या हातात कटर देण्याआधी तिचे फोटो आणि नंबर नीट नोंदवून ठेवा.