मुखवट्याचा हट्ट धरणारा गोलरक्षक

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि पांढरा चेंडू डोळ्यांसमोर येतो. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथे चेंडू नसतो. टणक रबराची, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि साधारण १७० ग्रॅम वजनाची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. कसलेल्या खेळाडूने टोलविलेली ही चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येऊ शकते. ती अडविण्यासाठी गोलजाळ्यापुढे उभा राहणारा माणूस १९५९ सालापर्यंत उघड्या चेहऱ्याने उभा राहत असे. पायांना जाड पॅड, छातीला कवच, हातांत भक्कम मोजे आणि चेहऱ्यावर काहीही नाही! ही रीत मोडली जाक प्लांत या गोलरक्षकाने.

जाकचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी क्विबेक प्रांतातील शॉविनिगन शहराजवळच्या एका खेड्यात झाला. अकरा भावंडांत तो थोरला. वडील कारखान्यात कामगार, कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. धाकट्यांची उस्तवार करता करता आईकडून तो विणकाम शिकला. पुढे नामांकित खेळाडू झाल्यावरही लोकरीच्या टोप्या तो स्वतः विणत असे आणि त्याची त्याला कधी लाज वाटली नाही. लहानपणापासून त्याला दमा होता. फार वेळ स्केटिंग केले की धाप लागे, म्हणून तो गोलजाळ्यापुढे उभा राहू लागला. एका मोठ्या कारकीर्दीचे मूळ असे दुखण्यात होते.

त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते आणि प्रत्येक संघ एकाच गोलरक्षकावर भिस्त ठेवी. म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिकेत या कामाच्या पहिल्या प्रतीच्या जागा सहाच, आणि त्यांवर डोळा ठेवून असलेले उमेदवार मात्र कितीतरी. ज्याने दुखण्याची तक्रार केली, त्याची जागा गेलीच म्हणून समजावे. गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने का खेळत, याचे उत्तर शौर्यापेक्षा या आकड्यात अधिक आहे. क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये जखमी झाल्यावर काही सामने चामड्याचा मुखवटा लावून पाहिला होता. पण त्यातून नीट दिसेना, आणि तो प्रयोग तेथेच संपला.

माँट्रियल कॅनेडियन्स संघाने प्लांतला १९५२-५३ च्या हंगामात प्रथम संधी दिली आणि १९५४ पासून तो संघाचा मुख्य गोलरक्षक झाला. गोलजाळे सोडून मागे जायचे, भिंतीवर आदळून आलेली चकती अडवायची आणि आपल्या खेळाडूकडे सरकवायची, ही त्याची पद्धत त्या वेळी आगाऊपणाची वाटे. आज जगभरचे गोलरक्षक तेच करतात. निरीक्षण विलक्षण बारीक. काही मैदानांवरील गोलचा आडवा दांडा ठरल्यापेक्षा खाली आहे, असे तो म्हणे. लोक हसले, मोजमाप झाले तेव्हा तो बरोबर ठरला. मात्र सहकाऱ्यांत तो फारसा मिसळत नसे. टोरंटोत संघ उतरे त्या हॉटेलात दम्याचा त्रास होतो म्हणून तो दुसरीकडे राही. संघाचे प्रशिक्षक टो ब्लेक यांना त्याची गुणवत्ता हवी होती. त्याचे स्वभावविशेष ते सहन करीत, इतकेच.

सरावात बसलेल्या चकत्यांनी त्याच्या गालांची हाडे मोडली होती. नाकाचे तर विचारायलाच नको. तेव्हापासून सरावाच्या वेळी तो मुखवटा लावू लागला. बिल बर्चमोर या फायबरग्लासच्या व्यवसायातील गृहस्थाने प्लांतच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर बेतलेला हलका मुखवटा तयार केला. सामन्यात तो घालण्यास मात्र ब्लेक यांची परवानगी नव्हती. मुखवट्याने नजर अडते आणि भीती गेली की गोलरक्षकाची सावधताही जाते, असे त्यांचे मत होते. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. त्या वेळी जवळजवळ सारे हॉकीविश्व त्यांच्याच मताचे होते.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेली चकती प्लांतच्या तोंडावर बसली. त्याआधी प्लांतने आपल्याला पाडले होते, त्याचा राग म्हणून आपण मुद्दाम चेहऱ्याचा नेम धरला, अशी कबुली बाथगेटने नंतर कित्येक वर्षांनी दिली. बर्फावर रक्त सांडले. आत नेऊन डॉक्टरांनी सात टाके घातले. संघापाशी राखीव गोलरक्षक नव्हता आणि प्लांतने सांगितले की मुखवट्याशिवाय मी बाहेर येणार नाही. ब्लेक यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. ज्या व्यवस्थेने गोलरक्षकांना इतकी वर्षे मुकाट ठेवले, तिच्यातल्याच या उणिवेने त्या रात्री प्लांतचे काम केले. तो मुखवटा लावून परतला आणि माँट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

जखम भरेपर्यंतच मुखवटा, असे ठरले होते. पण संघ जिंकत राहिला आणि मुखवटा चेहऱ्यावरच राहिला. डेट्रॉइटमध्ये ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत उघड्या चेहऱ्याने खेळला; माँट्रियल ०-३ असे हरले. दुसऱ्याच सामन्यात मुखवटा परत आला. त्या वर्षी माँट्रियलने स्टॅन्ली कप सलग पाचव्यांदा जिंकला. १९६२ मध्ये प्लांतला लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक मिळाला. उत्तम गोलरक्षणासाठीचा वेझिना करंडक तर त्याने एकूण सात वेळा मिळविला. हा करंडक ज्याच्या नावाचा, तो जॉर्ज वेझिनाही माँट्रियलचाच गोलरक्षक; १९२६ मध्ये क्षयाने गेलेला.

१९६३ मध्ये माँट्रियलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला, पण १९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूज संघाने त्याला पुन्हा बर्फावर आणले. ३ मे १९७० रोजी बोस्टनविरुद्धच्या अंतिम लढतीत फ्रेड स्टॅनफील्डची चकती थेट त्याच्या कपाळावर आदळली. मुखवटा फुटला आणि प्लांत बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर तो जगला नसता. त्या वेळी त्याचे वय ४१ होते. एवढे होऊनही पुढच्याच हंगामात टोरंटोकडून खेळताना त्याने दर सामन्यामागे सरासरी १.८८ गोल दिले आणि लीगमध्ये पहिला क्रमांक राखला.

एव्हाना तरुण गोलरक्षक मुखवटा घालूनच तयार होत होते. १९७४ नंतर नॅशनल हॉकी लीगमध्ये कोणीही उघड्या चेहऱ्याने गोलरक्षण केले नाही. १९७५ मध्ये धाकट्या मुलाचे निधन झाले आणि प्लांतने खेळणे कायमचे थांबविले. १९७८ मध्ये त्याचा समावेश हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. उत्तरायुष्यात तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. पोटाच्या कर्करोगाने २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हा येथे त्याचे निधन झाले. सिएर गावी त्याचा दफनविधी झाला, तेव्हा क्विबेकमधील मुलांचा एक हॉकी संघ स्पर्धेसाठी स्वित्झर्लंडमध्ये आला होता. चर्चमधून शवपेटी बाहेर पडली, ती त्या मुलांनी उंच धरलेल्या हॉकी स्टिकच्या कमानीखालून.