गिअरबॉक्सचे आटे गेले तरी दुरुस्ती गावाजवळच होते, त्यामागे आहे हा मँचेस्टरचा कारागीर

पेरणी तोंडावर आलेली असते आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सच्या झाकणाखालून तेल गळायला लागतं. बोल्ट आवळावा म्हणून पाना लावला, तर बोल्ट नुसताच गरगर फिरतो. आवळला जात नाही आणि बाहेरही येत नाही. विषय सरळ असतो, आतले आटे गेलेले असतात. वऱ्हाडात कुणी याला चुडी गेली असंही म्हणतं.

पण म्हणून बिडाची अख्खी बॉडी भंगारात टाकत नाहीत. अमरावती किंवा अकोल्यातला लेथवाला खराब झालेलं भोक मोठं करतो, टॅप फिरवून नवे आटे पाडतो आणि एक साइज मोठा बोल्ट बसवतो. ८ एमएमचा बोल्ट असेल तर ८.५ एमएमचं ड्रिल आणि मग १० एमएमचा टॅप. झाकणाचं भोकही तेवढंच मोठं करावं लागतं. भोकाशेजारी धातू कमी असेल, तर आत स्टीलच्या तारेची कॉइल बसवतात, मग जुन्या मापाचाच बोल्ट चालतो. जपायचं फक्त एका गोष्टीला. ड्रिलचा कीस आत पडता कामा नये. तो गिअरच्या दातांत अडकला तर काम भलतंच वाढतं.

या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. दुकानातून आणलेला बोल्ट लेथवाल्याने पाडलेल्या आट्यांत बसणारच. दोनशे वर्षांपूर्वी याची काहीच खात्री नव्हती. प्रत्येक कारखाना आपल्या मनाने आटे पाडायचा, त्यामुळे एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. मशीन बिघडलं की ते बनवणाऱ्याकडेच जावं लागे. हा गोंधळ ज्याने मोडला, त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी पोराला मामा-काकांच्या पद्धतीने कामाला लावलं, तेही एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत. मुलाने गिरणीचा मालक व्हावं ही घरच्यांची अपेक्षा होती. पोराचं मन मात्र कापसात नाही, तर कापूस कातणाऱ्या मशीनमध्ये रमलं. मशीन इतकी ओबडधोबड का बनवतात, हा प्रश्न त्याला छळायचा. काही वर्षांत तो तिथून सटकला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून लागला.

१८२५ मध्ये त्याने लंडन गाठलं. तिथे हेन्री मॉडस्ले हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला यंत्र-कारागीर होता. व्हिटवर्थ त्याच्याकडे शिकला, पुढे जोसेफ क्लेमेंटच्या कारखान्यात राहिला. चार्ल्स बॅबेजचं गणित करणारं यंत्र याच क्लेमेंटच्या हाताखाली घडत होतं.

लंडनच्या दिवसांत त्याने पूर्ण सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा, याची रीत पक्की केली. ऐकायला फालतू वाटतं, पण दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही त्या नीट बसू शकतात. तीन प्लेटा घेऊन आलटूनपालटून जुळवल्या तर ही लबाडी चालत नाही, तिन्ही सपाटच व्हाव्या लागतात. अचूक मोजमापाचा पाया असा घातला गेला. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला.

मग आला आट्यांचा विषय. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. १८४१ मध्ये त्याने सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आपली पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, टोक आणि तळ गोलसर, आणि कोणत्या जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे हे ठरलेलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. शहाणपण असं की हे माप कुणालाच फार परकं नव्हतं, कारण ते सगळ्यांच्या मापांतूनच काढलं होतं. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि बाकीचे मागोमाग आले.

त्याचा दणका क्रिमियन युद्धात दिसला. ब्रिटिश नौदलाला गनबोटींसाठी झटपट ९० इंजिनं हवी होती. जॉन पेन या इंजिनिअरने सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत वाटून दिले. आटे सगळीकडे सारखे असल्याने भाग जुळले आणि ९० दिवसांत काम झालं.

याच माणसाने षट्कोनी नळीची रायफलही बनवली. अचूकता जबरदस्त, पण ब्रिटिश सरकारने ती सैन्यासाठी घेतली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी मात्र ती वापरली. १८६१ ते १८६५ च्या त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये अकोला, बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोचली. पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगची विलायती यंत्रं आली आणि त्यांच्यासोबत व्हिटवर्थचे आटेही. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूरला जोडणारी शकुंतला आठवते ना? तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं. ते १९९४ पर्यंत धावलं.

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट टोकाचा आटा मांडला. तो पाडायला सोपा होता. आजचे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच आहेत, म्हणजे कोनाच्या लढाईत व्हिटवर्थ हरला.

१८६८ मध्ये त्याने होतकरू तरुण इंजिनिअरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोत तो वारला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये कलादालन उभं राहिलं, रुग्णालयालाही मदत झाली.

त्याचे आटे मात्र अजून घराघरांत आहेत. बाथरूमचा अर्धा इंची नळ बघा, त्यावर इंचाला १४ आटे, कोन ५५ अंश, पाइपसाठीची ही त्याचीच पद्धत. रील शूट करताना मोबाइलचा होल्डर ज्या ट्रायपॉडवर बसवता, त्याचा पाव इंची, २० आट्यांचा स्क्रू त्याच्याच मापातून आलाय.

आणि गिअरबॉक्सचं काय? जुन्या मशीनचे आटे जाण्यामागे बरेचदा हेच दोन जमान्यांचं भांडण असतं. मिस्त्री एका इंचाचे आठ सूत धरतात. अडीच सुती बोल्ट म्हणजे ७.९४ एमएम, जवळपास ८ एमएमच. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण अडीच सुतीला इंचाला १८ आटे, तर ८ एमएमच्या नेहमीच्या बोल्टला साधारण २०. चुकीचा बोल्ट दोनतीन फेरे आरामात आत जातो, मग घट्ट होतो. इथे पान्याला पाइप लावून जोर मारला की भोकाचे आटे सोलून निघतात. लेथवाल्याकडे करवतीसारखे दाते असलेल्या पातळ पात्यांचा पिच गेज असतो. जुना बोल्ट त्याला लावून बघितला की सूत की एमएम, हे अर्ध्या मिनिटात कळतं.