मोरांदींचा पूल

शासकीय सेवेत असताना नव्या पुलांच्या फायली माझ्या टेबलावरून झपाट्याने पुढे सरकत. जुन्या पुलांच्या देखभालीच्या फायली मात्र तेथेच विसावत. या विलंबात माझाही वाटा होता. १४ ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतील जेनोआचा महामार्गावरील पूल कोसळून ४३ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्याच्या निर्मात्याचे चरित्र मी मुद्दाम वाचले.

रिकार्दो मोरांदी यांचा जन्म १९०२ चा, रोमचा. अभियंता झाल्यावर ते काँक्रीटकडे वळले आणि अखेरपर्यंत त्याच साहित्याशी एकनिष्ठ राहिले. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरावरचा, १९६२ मध्ये खुला झालेला त्यांचा पूल जगभर वाखाणला गेला. त्याच पद्धतीने त्यांनी जेनोआत पोल्चेव्हेरा नदीचे खोरे ओलांडले. खाली रेल्वेमार्ग, कारखाने आणि वस्ती. वरून १९६७ पासून महामार्ग. उंच मनोऱ्यांवरून तिरकस उतरणाऱ्या मोजक्याच ताणांनी रस्ता तोलून धरला होता. ताणांमधील पोलादी तारा गंजू नयेत म्हणून मोरांदींनी त्यांवर काँक्रीटचे वेष्टन चढवले. विचार तर्कशुद्ध होता. परंतु त्या वेष्टनामुळेच आतला गंज तपासणाऱ्याच्या नजरेआड राहिला. शिवाय ताण इतके थोडे की एक तुटल्यास भार पेलायला दुसरा नाही. हा दोष रचनेचाच, असे माझे मत आहे.

तरीही त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. पूल जेमतेम बारा वर्षांचा असताना, १९७९ मध्ये, त्यांनी स्वतःच लेख लिहून खारा वारा आणि कारखान्यांचा धूर काँक्रीट पोखरत असल्याचे मांडले व सततच्या निगराणीची गरज सांगितली. स्वतःच्या कीर्तीला बाधा येईल असे लिहिणारे तज्ज्ञ मी फार पाहिले नाहीत. १९८९ मध्ये ते निवर्तले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तीनपैकी एका मनोऱ्याचे ताण बाहेरून पोलादी दोर लावून बळकट करण्यात आले. २०१८ मध्ये कोसळला तो दुसरा मनोरा.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. पणजीचा मांडवीवरील काँक्रीटचा पूल १९८६ मध्ये, अवघ्या दीड दशकाच्या आयुष्यानंतर, पडला. पाटण्याच्या महात्मा गांधी सेतूचे उद्घाटन १९८२ चे. त्याचा वरचा काँक्रीटचा भाग संपूर्ण उतरवून तेथे पोलादी सांगाडा बसवण्याचे काम २०२२ मध्ये पुरे झाले. तोवर गंगेवरच्या त्या पुलावर वाहनांच्या रांगा वर्षानुवर्षे खोळंबत राहिल्या.